तांबड्या पेशींतला गोल ठिपका

रात्री सव्वादोनला कॅज्युअल्टीतून रक्ताचं सॅम्पल आलं. मशीनने प्लेटलेट ३२,००० आणि पांढऱ्या पेशी २,१०० दाखवल्या. चिठ्ठीवर मोजकंच लिहिलं होतं: पुरुष, वय ४४, सकाळपासून थंडीताप, उलट्या, बीपी ८०/५०. संशय पोटाच्या संसर्गाचा. एका दिवसाच्या तापात पांढऱ्या पेशी वाढायच्या सोडून अशा कोसळल्या असतील तर ते फार वाईट लक्षण. हाडांतली मज्जा पाठवते त्यापेक्षा वेगाने त्या खर्ची पडत असतात.

स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) काढून लेशमन स्टेन हा पेशींचा रंग दिला: २ मिनिटं नुसता स्टेन, मग ६.८ पीएचचं बफर दुप्पट मिसळून ८ मिनिटं. मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली न्यूट्रोफिलमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत, गडद कण आणि पोकळ्या होत्या. त्या अपेक्षितच. पण पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत जोडीजोडीने जांभळे ठिपके होते आणि प्रत्येक जोडीभोवती फिकट वलय. काही जोड्या न्यूट्रोफिलच्या पोटातही होत्या.

रक्तात जंतू थेट दिसले की पहिला संशय स्वतःच्या कामावर घ्यायचा. एरवीच्या सेप्सिसमध्ये (संसर्गाने शरीर कोलमडतं तेव्हा) मोठ्या माणसाच्या १ मिलीलीटर रक्तात बहुतेक वेळा शंभराच्या आतच जंतू सापडतात. स्मिअरवर सहज दिसायला ते लाखांच्या घरात लागतात. त्यामुळे आधी इतर शक्यता खोडाव्या लागतात. स्टेनचा गाळ असेल तर कण लहानमोठे, वेडेवाकडे असतात आणि पेशींच्या थोडं वर फोकस होतात. बफरच्या बाटलीतच जंतू वाढले असतील तर ते त्या दिवसाच्या प्रत्येक स्लाइडवर दिसतात. आणि सॅम्पल खोलीच्या तापमानाला तासन्‌तास पडून राहिलं असेल तर ट्यूबमध्येच जंतू वाढतात. हे सॅम्पल २० मिनिटांपूर्वीचं होतं, आधीच्या दोन पेशंटच्या स्लाइड स्वच्छ होत्या. गाळलेला स्टेन वापरून दुसरा स्मिअर काढला, तिसऱ्यावर ग्रॅम स्टेन (जंतूंचा गट ओळखायचा रंग) केला. जांभळे, भाल्याच्या टोकासारखे निमुळते, जोडीने असलेले कॉकाय, म्हणजे गोलसर जंतू. न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकसच वाटत होता.

मात्र पेशंटच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच होती. बऱ्याच तांबड्या पेशींत एकेक गडद, गुळगुळीत, काटेकोर गोल ठिपका होता. ही हॉवेल-जॉली बॉडी, म्हणजे पेशी तयार होताना मागे राहिलेला केंद्रकाचा तुकडा. तिची गल्लत पेशीवर बसलेल्या प्लेटलेटशी होते, पण प्लेटलेटभोवती वलय दिसतं आणि कडा खरबरीत असते. लोहाचे कण असतील तर ते बारीक, ओबडधोबड आणि झुबक्याने असतात. निरोगी माणसात पाणथरी, म्हणजे प्लीहा, असे तुकडे टिपून काढते. ते रक्तात असे फिरत असतील तर पाणथरी नाही किंवा ती काम करत नाही.

लगेच फोन लावला. "पोटावर ऑपरेशनचा व्रण आहे का? आणि कुत्रा वगैरे चावलाय का, तेही विचारा." कुत्र्याच्या लाळेतला एक जंतूही पाणथरी नसलेल्यांच्या रक्तात असाच दिसतो. तो मात्र बारीक दांड्यासारखा असतो. रेसिडेंट दोन मिनिटांत परत फोनवर आले. "कुत्रा नाही, मॅडम. मधोमध व्रण आहे. मिसेस म्हणतात, ११ वर्षांपूर्वी अपघातात आतून रक्तस्राव झाला होता, तेव्हा काहीतरी काढलं. कागद नाहीत." दोन हातांतून प्रत्येकी २० मिलीलीटर रक्त कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) घेतलं आणि त्याच क्षणी २ ग्रॅम सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन व सोबत व्हँकोमायसिन सुरू झालं. कल्चर घ्यायला उशीर होणार असेल तर त्यासाठी प्रतिजैविक थांबवायचं नाही.

पाणथरीवाचून हा जंतू एवढा का माजतो? त्याचं बळ त्याच्या आवरणात आहे. साखरेच्या लांब साखळ्यांचं हे कवच शंभराहून अधिक प्रकारचं असतं. कॉम्प्लिमेंटची, म्हणजे रक्तातल्या एका संरक्षक यंत्रणेची, प्रथिनं जंतूच्या भिंतीवर चिकटतात खरी, पण कवचाखाली दडतात, म्हणून भक्षक पेशींना ती धरता येत नाहीत. भिंत जाड असल्याने कॉम्प्लिमेंट तिला भोकही पाडू शकत नाही. अशा जंतूवर बाहेरून, कवचावरच, अँटिबॉडी बसावी लागते. ती झटपट बनवणाऱ्या खास बी पेशी पाणथरीत मोठ्या संख्येने असतात, आणि टी पेशींच्या मदतीशिवाय त्या आयजीएम ही अँटिबॉडी सोडतात. शिवाय तिथल्या अरुंद वाटांतून रक्त इतकं संथ झिरपतं की नीट खूण न झालेला जंतूही मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या हाती लागतो. यकृतही जंतू टिपतं, पण त्याला चांगली खूण झालेले जंतू लागतात. पुढचं नुकसान बरंचसं शरीराच्या स्वतःच्या उत्तरातून होतं: भिंतीचे तुकडे पाहून दाहक रसायनांचा पूर सुटतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी कोसळतं, आणि बारीक वाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट संपतात. ३२,००० चा आकडा त्याचाच.

कल्चरची बाटली ७ तासांत वाजली, म्हणजे आत जंतू वाढल्याची सूचना मशीनने दिली. इथे एक चूक वारंवार होते. न्यूमोकोकसकडे स्वतःलाच विरघळवणारं एन्झाइम असतं. वाजलेली बाटली तशीच ठेवली तर जंतू मरतात, ग्रॅम स्टेनमध्ये जांभळ्याऐवजी गुलाबी दिसू लागतात आणि प्लेटवर काहीच उगवत नाही. म्हणून लगेच ब्लड अगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या पोषक प्लेटवर, लावून ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी हिरवट वलयाच्या, मधोमध खचलेल्या वसाहती आल्या. खचतात त्याही त्याच एन्झाइममुळे. ऑप्टोचिन या रसायनाच्या डिस्कभोवती १८ मिलीमीटर मोकळी जागा मिळाली (६ मिलीमीटरच्या डिस्कला १४ पुरतात) आणि पित्तक्षारात वसाहती विरघळल्या; दोन्ही न्यूमोकोकसच्याच खुणा. पेनिसिलिन लागू पडत होतं, व्हँकोमायसिन बंद झालं.

पेशंट वाचले. उजव्या पायाच्या दोन बोटांची टोकं मात्र गुठळ्यांमुळे गेली.

पाणथरी ठरवून काढायची असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसच्या लशी निदान १४ दिवस आधी द्यायच्या. अपघातात तातडीने काढली तर साधारण १४ दिवसांनी. ११ वर्षांपूर्वी यांना यातलं काहीही मिळालं नव्हतं. घरात प्रतिजैविकाच्या गोळ्या ठेवा, ताप आला तर पहिली गोळी घेऊन तडक दवाखाना गाठा, हेही कुणी सांगितलेलं नव्हतं. कुठला अवयव काढला हेच घरच्यांना ठाऊक नसेल, तर तापाच्या रात्री ते डॉक्टरांना काय सांगणार?

पाचव्या दिवशीच्या स्मिअरवर जंतू नव्हते, प्लेटलेट १,१०,००० वर आल्या होत्या. गोल ठिपके होते तिथेच होते. रिपोर्टच्या शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं: हॉवेल-जॉली बॉडी आढळल्या, पाणथरी नाही, लसीकरण तपासावे.