साधा माग, नोंद ७ : बँग-ऑफचं मूळ सापडलं

जुन्या यंत्रमागावर दोन मीटर कापड निघालं. सलग, एकदाही न ठोकता (ठोकणं म्हणजे बँग-ऑफ : धोटा वेळेत पोचला नाही की माग धाडकन बंद पडतो). इंचाला ५२ पिकच्या (पिक म्हणजे धोट्याने टाकलेला बाण्याचा एक धागा) कापडाला मीटरमागे २,०४७ पिक लागतात, म्हणजे मिनिटाला १५० पिकच्या गतीने मीटरला पावणेचौदा मिनिटं. तेव्हा हा माग जवळजवळ अर्धा तास अखंड चालला. मधे थांबला तो फक्त धोट्यातली बाण्याची कांडी बदलायला. मागच्या नोंदीत "उजव्या बाजूचं पिकिंग (धोट्याला बसणारा फटका) कमजोर आहे" असं ठामपणे लिहिलं होतं. ते निदान चुकीचं होतं, आणि त्यापायी केलेल्या तीन दुरुस्त्यांपैकी दोन उलट्या फिरवाव्या लागल्या.

आधी वही (ताण्याची तारं वर-खाली करणारी चौकट) आणि फणीचं सांगतो, कारण ते काम मनासारखं झालं. ५२ ची स्टॉकपोर्ट फणी (दोन इंचांत ५२ घरं), घरात दोन तार, ४४ इंची पन्ना, म्हणजे २,२८८ तार आणि वर काठाचे. चार वह्यांत १-३-२-४ अशी भरणी. ताणा आणि बाणा दोन्ही ४० नंबर सुती. टेकअप (विणलेलं कापड पुढे ओढणारी चाकं) सात चाकी आहे, त्यात स्टँडर्ड चाक ३६ दातांचं असलं की बदलीच्या चाकाचे जितके दात तितके इंचाला पिक. ५२ दातांचं चाक भंगाराच्या ढिगात मिळालं, वजनावर, तेही एक दात न झिजलेलं! हिशेब मांडला तर ५२ च्या चाकावर प्रत्यक्षात ५१.२५ पिक बसतात. उरलेला दीड टक्का कापड मागावरून उतरल्यावर आखडतं, तो या गिअरिंगमध्ये आधीच धरलेला आहे. मागावर भिंग लावून पिक मोजून "कमी भरतात" म्हणत चाक बदलू नका.

आता मूळ दुखणं. धोटा उजवीकडून डावीकडे गेला की डाव्या पेटीत (धोटा थांबतो ती टोकाची जागा) उशिरा पोचायचा. स्वेल (पेटीत धोट्याला दाबून धरणारी पट्टी) वेळेत बाहेर ढकलला जात नसे, त्याला जोडलेला डॅगर (लोखंडी जीभ) उचलला जात नसे, तो फ्रॉगवर (चौकटीवरचा अडथळा) आदळून माग धाडकन बंद. दर वेळी डावीकडेच. सकाळी पंधरा-वीस मिनिटांतून एकदा, दुपारी दोन-तीन मिनिटांतून एकदा. डावीकडे उशीर म्हणजे उजवीकडचा फटका कमी, हा सरळ तर्क होता. म्हणून उजवा पिकिंग कोन (टॅपेट ज्याला धक्का देतो तो शंकूसारखा रोलर) पाहिला. तो एका बाजूला चपटा झाला होता, बदलला. त्याने थोडा फरक पडला. मग उजवी वादी (पिकरला ओढणारा पट्टा) अर्ध्या इंचाने आखडली, पिकरचा (धोट्याला फटका देणारा ठोकळा) पल्ला वाढावा म्हणून. मग टॅपेट (फटका घडवणारा कॅम) थोडा पुढे घेतला. शेवटी बँग-ऑफ दोन्ही बाजूंना सुरू झाला, आणि वर कांडीवरचे वेढे सुटून बाणा गुंतायला लागला. वेढे सुटणं ही फटका जादा कडक असल्याची खूण असते. म्हणजे एकीकडे जोर जादा असल्याची लक्षणं, दुसरीकडे धोटा उशिरा. दोन्ही एकदम कसं?

उत्तर मोबाइलच्या स्लो-मोशनमधून मिळालं. क्रँकशाफ्टच्या टोकाला ३६० अंशांची पुठ्ठ्याची तबकडी बसवली, स्ले (फणी आणि पेट्या धरून पुढे-मागे हलणारा भाग) पूर्ण पुढे म्हणजे शून्य. सेकंदाला २४० चित्रांनी टिपलं. १५० च्या गतीला एक फेरा ०.४ सेकंदाचा, म्हणजे ९६ चित्रं, दर चित्राला पावणेचार अंश. एवढी बारकाई या कामाला पुरते. धोटा साधारण ११० अंशांना शेडमध्ये (ताण्याच्या तारांमध्ये उघडणारी वाट) शिरावा आणि २४० च्या आसपास बाहेर पडावा. आमचा कधी कधी १२० ला शिरत होता. त्याच्या आधीच्या पिकचं चित्रण पाहिलं तेव्हा कळलं: धोटा उजव्या पेटीत येऊन पिकरवर आदळायचा आणि १८ ते २० मिलिमीटर उसळून मागे यायचा. पुढच्या पिकला पिकर तेवढं अंतर रिकामाच धावायचा आणि मग धोट्याला ढकलण्याऐवजी ठोकायचा. म्हणून पल्ला कमी, वेळ उशिरा आणि धक्का मात्र कडक. वादी आखडून उजवीकडचा जोर वाढवला तसा धोटा डाव्या पेटीत जास्त वेगाने येऊन तिथूनही उसळू लागला. त्यामुळे डावीकडची पिक बिघडली. चक्र पूर्ण झालं. जोर कमी नव्हताच, उजव्या पेटीत धोटा धरला जात नव्हता.

का धरला जात नव्हता? तेलामुळे. उजव्या पिकरची स्पिंडल (पिकर ज्यावर सरकतो तो दांडा) खडबडीत झाली आहे, म्हणून तिला सढळ हाताने तेल दिलं जात होतं. पिकर दर फटक्याला ते तेल पेटीत उडवायचा. स्वेलचं कातडं तेल पिऊन आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. दुपारी तेल पातळ होतं, म्हणून दुपारी त्रास जास्त. रॉकेलने पुसून पाहिलं तर जेमतेम तासभर टिकलं. एकदा मुरलेलं तेल कातड्यातून पूर्ण निघत नाही, कातडंच बदलावं लागतं.

नव्या कातड्याचं मत स्पष्ट देतो. दुकानातलं मऊ क्रोम कातडं लावू नका, ते दाबलं जातं आणि लवकर घसरडं होतं. कोल्हापुरी चपलेसाठी झाडपाल्याने कमावलेलं म्हशीचं कातडं ३ मिलिमीटर जाडीचं घेतलं. धोटा शिरतो ती कड तासून उतार दिला. चिकटवून वर तांब्याचे दोन रिव्हेट मारले, डोकी कातड्याच्या पातळीखाली बुडवून, नाहीतर धोट्याच्या पाठीवर ओरखडे पडतात. मग स्टॉप रॉडचं बोट (स्वेलची हालचाल डॅगरपर्यंत पोचवणारं) असं लावलं की धोटा पेटीत असताना डॅगर फ्रॉगच्या वर ३ ते ४ मिलिमीटर राहतो. त्याहून जास्त ठेवलं तर धोटा अर्धवट आत असतानाही डॅगर सुटतो आणि शेडमधला धोटा ताण्याची शेकडो तारं तोडतो. स्पिंडल ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, आता तिला फडक्यावर चार थेंब, बस. वादी आणि टॅपेट दोन्ही मूळ जागी परत घेतले, नवा कोन तेवढा ठेवला. उसळी आता ३ मिलिमीटर.

पिकरबद्दल : नायलॉनचा टिकतो, पण या मागावर कच्च्या चामड्याचाच ठेवणार. तो घेतल्या घेतल्या चढवू नका. तेलात मुरवून, लटकवून, नीट वाळवून मगच. धोट्यांची एक जोडी मात्र परत केली. विक्रेत्याने जुने धोटे रंधून "नवे" म्हणून दिले होते. पाठ आणि तळ यांचा कोन फणी आणि रेसबोर्ड (धोटा ज्यावरून धावतो ती फळी) यांच्यामधल्या कोनाशी जुळत नव्हता, आणि दोघांच्या वजनात फरक होता. असा धोटा शेडमधून उडतो. गुण्या लावून आणि तराजूवर ठेवूनच धोटा घ्या.

आता बेत बदलतोय. शाळेच्या मुलांना माग हळू चालवून दाखवायचा म्हणून व्हीएफडी (मोटरची गती कमी-जास्त करणारं यंत्र) बसवला होता. तो काढणार. ५२ इंची मागावर १५० च्या गतीला धोट्याचा वेग सेकंदाला ११ मीटरच्या घरात असतो. गती १०० वर आणली की त्याची ऊर्जा ४४ टक्क्यांवर येते, पण स्वेलचं घर्षण तेवढंच राहतं. धोटा पेटीच्या तोंडाशीच अडकतो आणि माग ठोकतो. शिवाय व्हीएफडी सावकाश गती घेतो, त्यामुळे सुरुवातीच्या पिकही कमजोर. मोटर लूज पुलीवर (माग न फिरवता मोकळी फिरणारी पुली) पूर्ण गतीला आणायची, हाताने स्ले योग्य जागी घ्यायचा, मगच हँडल टाकायचं, ही जुनी रीतच बरोबर आहे. हळू दाखवण्यासाठी दुसरा मार्ग हाताशीच निघाला : निदानासाठी केलेलं तेच स्लो-मोशन चित्रण, तबकडीसकट, मागाशेजारी पडद्यावर. खरा माग पूर्ण गतीला, स्लेवर धोट्याचा गार्ड, दोन्ही टोकांना लोखंडी जाळी आणि माणसं समोरच्या बाजूला.

हे लिहिताना आणखी एक सुचलं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. आज तिथेच साधे माग किलोच्या भावाने जातात आणि जागी रॅपियर, एअरजेट येतात, ज्यांत धोटाच नाही. लोखंड जपलं तरी वादी किती, बोट कुठे, कोन कसा, हे जॉबरच्या (माग जुळवणारा कारागीर) हातात राहतं. म्हणून प्रत्येक मापाचा एक तक्ता करून मागाच्या चौकटीवरच पितळी पट्टीत बसवायचा. आधीच्या यादीतलं रंगकाम त्यासाठी मागे ढकललं आहे, आणि चौकटीवरचा जुना हिरवा रंग खरवडायचा नाही हेही ठरलं.

पुढच्या पंधरवड्यात डाव्या पेटीचं कातडं बदलणं, उजवी स्पिंडल नवी कातून घेणं, आणि जॉबर मंडळींकडून वादीची मापं बाजूवार लिहून घेणं. ५२ इंची ओव्हरपिक (वरून फटका देणाऱ्या) मागाच्या धोट्यांची वजन जुळलेली जोडी कुणाकडे पडून असेल तर हवी आहे.