इओसिनोफिल वाढलेत, पण निरोप कोणाचा?

रक्ताच्या साध्या तपासणीचा कागद हातात आला की आपण आधी हिमोग्लोबिन बघतो. ज्याला वर्षानुवर्षं खोकला, छातीत घरघर, रात्री धाप लागते त्याने त्याच कागदावर आणखी एक ओळ शोधावी: इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब हा आकडा टक्क्यांत छापतात, आणि टक्का फसवतो. एकूण पांढऱ्या पेशी ९,००० आणि इओसिनोफिल ६ टक्के असतील, तर खरी संख्या दर मायक्रोलिटरला ५४०. टक्के तेच, पण एकूण पेशी ४,५०० असतील तर फक्त २७०. दम्याच्या उपचारात निर्णय बदलणाऱ्या रेघा साधारण १५० आणि ३०० वर आहेत. म्हणून एकूण पेशी गुणिले टक्के भागिले शंभर, एवढा हिशोब करूनच तो कागद वाचायचा.

पण आकडा कळला म्हणजे आजार कळला असं होत नाही. इओसिनोफिल ही स्वतःहून कुठे जाणारी पेशी नाही. तिला अस्थिमज्जेत तयार व्हायला कोणी तरी सांगतं, रक्तातून फुप्फुसात उतरायला कोणी तरी सांगतं, आणि तिथे मरून न जाता टिकून राहायलाही कोणी तरी सांगतं. संख्या हा त्या निरोपाचा माग आहे. निरोप कोणी धाडला हे न शोधता नुसती संख्या खाली आणायला गेलं की काय बिघडतं, ते पुढे सांगतोच.

निरोपाची सुरुवात होते श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरापासून. हे अस्तर म्हणजे नुसता पडदा नव्हे, तिथला पहारेकरी तेच. गादीतल्या, उशीतल्या धुळीत राहणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्याच्या विष्ठेत प्रथिनं कापणारं एक विकर असतं. ते अस्तराच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे टाके उसवतं. बुरशीच्या बीजाणूंमध्येही असली विकरं असतात. अस्तर दुखावलं की त्याच्या पेशी तीन धोक्याचे निरोप सोडतात: टीएसएलपी, इंटरल्युकिन-३३ आणि इंटरल्युकिन-२५. जवळच असलेल्या आयएलसी-२ नावाच्या प्रतिकारपेशी ते ऐकतात आणि कोणत्याही ओळखपाळखीशिवाय कामाला लागतात. दुसरीकडे डेंड्रायटिक पेशी त्या परक्या प्रथिनाचे तुकडे उचलून लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथे टी पेशींना टीएच-२ या, म्हणजे ॲलर्जीच्या, वळणावर घालतात.

मग आयएलसी-२ आणि टीएच-२ या दोघी तीन वेगवेगळे हुकूम काढतात, आणि ते तीन वेगळे ठेवून समजून घेणं फार उपयोगाचं आहे, कारण आजची औषधं नेमकी याच सांध्यांवर बसतात. इंटरल्युकिन-४ बी पेशींना आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड बनवायला लावतं. हे आयजीई मास्ट पेशींवर जाऊन बसतं, आणि पुढच्या वेळी तीच धूळ आली की मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ओतते. इंटरल्युकिन-५ अस्थिमज्जेत इओसिनोफिल घडवतं आणि त्यांचं आयुष्य वाढवतं. इंटरल्युकिन-१३ श्वासनलिकेत चिकट कफ वाढवतं, तिथल्या स्नायूला चटकन आवळणारा करतं, शिवाय अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतं. उच्छ्वासातला हा वायू मोजता येतो. मोठ्या माणसात ५० पीपीबीच्या (अब्ज भागांत ५० भागांच्या) वर म्हणजे हा निरोप जोरात चालू आहे, २५ च्या खाली म्हणजे बहुधा नाही. मात्र सिगारेट ओढणाऱ्यात हा आकडा खोटा कमी येतो.

सकाळी धूळ झटकली, दहा मिनिटांत धाप लागली, पंप घेतला, बरं वाटलं. आणि दुपारी पुन्हा छाती भरून आली. ही दुसरी लाट पहिलीचं शेपूट नाही. पहिली लाट मास्ट पेशींची. दुसरी, साधारण चार ते आठ तासांनी येणारी, बोलावून आणलेल्या इओसिनोफिल आणि टी पेशींची. साल्ब्युटामॉलचा पंप पाचेक मिनिटांत स्नायू सैल करतो आणि चार ते सहा तास टिकतो, पण निरोपांना तो हातही लावत नाही. माणसाला मोकळं वाटतं आणि आत सूज चालूच राहते. म्हणूनच २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त डबे वर्षात संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक संपत असेल तर मृत्यूचा. औषधांच्या कपाटातले रिकामे डबे मोजा, ही तपासणी फुकट आहे.

स्टेरॉइडचा पंप जे करतो ते वेगळ्याच ठिकाणी. औषध पेशीत शिरतं, तिथे वाट बघत असलेल्या रिसेप्टरला चिकटतं, दोघं मिळून केंद्रकात जातात. दाहाची जनुकं वाचली जात असतात तेव्हा तिथली डीएनएची गुंडाळी सैल झालेली असते. स्टेरॉइड एचडीएसी-२ नावाचं विकर तिथे आणून ती गुंडाळी पुन्हा घट्ट करतं, आणि हुकूम छापायचे थांबतात. याला तास लागतात, पूर्ण परिणामाला आठवडे. ‘दोन दिवस घेतला, फरक नाही, सोडला’ यातली चूक इथे आहे. ‘सवय लागते’ ही भीतीही इथेच विरते: पंप सोडल्यावर त्रास परत येतो तो धूळ, अस्तर आणि टीएच-२ पेशी होत्या तिथेच असतात म्हणून. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकाच पंपात देण्यामागे हाच विचार आहे: त्रास झाला की मोकळं करणारं औषध आणि निरोप थांबवणारं औषध एकाच फवाऱ्यात जावं. पंप साधा असेल तर स्पेसर लावा, सावकाश ओढा, दहा सेकंद श्वास धरा, नंतर चूळ भरा. रोटाहेलर असेल तर उलट, जोरात आणि खोल ओढायचं. दोन्हींची पद्धत एकमेकांत मिसळली की औषध घशातच बसतं.

आता तपासणीतल्या फसगती. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना काढलेल्या रक्तात इओसिनोफिल शून्याजवळ दिसू शकतात, कारण ही पेशी स्टेरॉइडला फार हळवी आहे, काही तासांत रक्तातून नाहीशी होते. अटॅक आला, गोळ्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी तपासणी केली आणि ‘ॲलर्जीचा दमा नाही’ असा शेरा बसला, हे चुकीचं आहे. रक्त गोळ्यांच्या आधी घ्या, नाही तर गोळ्या थांबल्यावर एक-दोन आठवडे जाऊ द्या. अंगात जंतुसंसर्गाचा ताप असतानाही ही संख्या पडते. आणि सकाळी शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल चढलेलं असतं तेव्हा ती कमी असते, रात्री जास्त. एका कमी आकड्यावर निकाल देऊ नये. जुने रिपोर्ट काढा, सर्वांत मोठा आकडा कोणता ते बघा.

चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेल्या बायकांचा किंवा जुन्या विडीवाल्यांचा सीओपीडी, म्हणजे धुराने कायमचा जडलेला श्वासनलिकांचा आजार, असेल तर निरोपच दुसरा असतो. धूर गिळलेल्या मॅक्रोफेज पेशी इंटरल्युकिन-८ सोडतात, ते न्यूट्रोफिलना बोलावतं, आणि न्यूट्रोफिलचं इलास्टेज विकर वायुकोशांच्या भिंतीतलं लवचीक प्रथिन कापतं. सिगारेटचा धूर एचडीएसी-२ दुबळं करतो, म्हणजे स्टेरॉइड ज्या हाताने गुंडाळी आवळतं तोच हात लुळा. शिवाय स्टेरॉइड इओसिनोफिलला मारतं पण न्यूट्रोफिलचं आयुष्य वाढवतं. म्हणून सीओपीडीत इओसिनोफिल ३०० च्या वर असतील तर स्टेरॉइड पंपाचा फायदा दिसतो, १०० च्या खाली असतील तर फायदा नगण्य आणि न्यूमोनियाचा धोका तेवढा पदरात.

ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग आता. युरोप-अमेरिकेत इओसिनोफिल वाढलेला दमेकरी म्हणजे बहुतेक वेळा ॲलर्जी. आपल्याकडे तसं गृहीत धरता येत नाही. इंटरल्युकिन-५ चा हुकूम उत्क्रांतीत तयार झाला तो बहुधा कृमींशी लढायला, आणि कृमी आपल्याकडून गेलेले नाहीत.

विदर्भात आणि कोकणपट्टीत हत्तीरोग ओळखीचा आहे. पण हत्तीरोगाच्या कृमीची पिल्लं काही माणसांत पाय सुजवत नाहीत. फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि तिथे प्रचंड टाइप-२ दाह, म्हणजे वर सांगितलेल्या तीन हुकुमांचाच दाह, पेटतो. माणूस रात्री खोकत बसतो, घरघर असते, वजन उतरतं. त्याला दमा म्हणतात, कधी टीबी म्हणतात. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी भारतातल्या रुग्णांवरून या आजाराला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव दिलं. ओळखायची खूण आकड्यातच आहे: इओसिनोफिल ३,००० च्या वर, आयजीई हजाराच्या वर, आणि फायलेरियाविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण भरपूर. रात्री रक्त काढूनही मायक्रोफायलेरिया, म्हणजे ती पिल्लं, दिसत नाहीत, कारण दाह त्यांना फुप्फुसातच संपवतो. ‘रक्त निगेटिव्ह आहे’ म्हणून हा आजार नाकारू नये. उपचार स्वस्त आहे: डायएथिलकार्बामाझिन, दिवसाला वजनाच्या दर किलोला ६ मिलिग्रॅम, तीन आठवडे. काहींना तो पुन्हा द्यावा लागतो. नुसत्या स्टेरॉइडने खोकला थांबतो, आकडाही पडतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. कृमी मात्र जागेवर, आणि वर्षं गेली की फुप्फुसात व्रण धरतो. तो मग कोणत्याच औषधाने निघत नाही.

त्याहून घातक चूक स्ट्राँगिलॉइड्स या कृमीची. अनवाणी शेतात चालणाऱ्याच्या पायातून तो शिरतो आणि आतल्या आत पिढ्या वाढवत दशकं राहू शकतो. इओसिनोफिलचा पहारा त्याला मर्यादेत ठेवतो. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चढवल्या की पहारा उठतो आणि अळ्या आतड्यातून फुप्फुसात, रक्तात पसरतात. यात माणूस दगावतो. आणि या अवस्थेत इओसिनोफिल वाढलेले दिसतीलच असं नाही. शौचाची एक तपासणी निगेटिव्ह आली तरी भरवसा नाही, रक्तातले प्रतिपिंड बघावेत. अळ्या अशा पसरण्याआधी आयव्हरमेक्टिन दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, एक किंवा दोन दिवस, एवढ्यात काम होतं. गावाकडच्या, शेतात राबणाऱ्या दमेकऱ्याला लांबणारे स्टेरॉइड किंवा इंटरल्युकिन-५ रोखणारं इंजेक्शन सुरू करण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तिसरा धाडणारा म्हणजे ॲस्परजिलस बुरशी. दमेकऱ्याच्या चिकट कफात ती मुक्काम करते आणि तिथूनच अखंड निरोप देत राहते. कफाचे तपकिरी गठ्ठे, एक्स-रेवर जागा बदलणारे डाग, आणि मग छातीवर डाग दिसला म्हणून टीबीची औषधं. एकूण आयजीई ५०० च्या वर आणि ॲस्परजिलसविरुद्धचं खास आयजीई ०.३५ च्या वर असेल तर हा आजार, एबीपीए, डोक्यात हवाच. उपचार म्हणजे प्रेडनिसोलोनच्या गोळ्या किंवा इट्राकोनॅझोल, साधारण चार महिने. इथे एक सापळा आहे. इट्राकोनॅझोल यकृतातलं जे विकर अडवतं, त्याच विकराने ब्युडेसोनाइड आणि मिथाइलप्रेडनिसोलोन मोडतात. दोन्ही एकत्र चालू राहिली की पंपातलं थोडंसं स्टेरॉइडही शरीरात साचतं, चेहरा सुजतो, साखर चढते, अधिवृक्क ग्रंथी झोपी जातात. अशा वेळी पंपात बेक्लोमेथासोन असलेलं बरं.

हे सगळे धाडणारे तपासून झाले, पंप नीट घेतला जातोय याची खात्री झाली, तरी दमा आवरत नसेल, तर नेमक्या हुकुमावर बोट ठेवणारी इंजेक्शनं आहेत. त्यांचा इतिहास या लेखाच्या मुद्द्यालाच धरून आहे. इंटरल्युकिन-५ अडवणारं मेपोलिझुमॅब २००७ मध्ये छापलेल्या ३६२ जणांच्या चाचणीत दम्याला निरुपयोगी ठरलं. रक्तातले इओसिनोफिल पडले, दमा तसाच राहिला. चूक औषधाची नव्हती, निवडीची होती: त्या लोकांना इओसिनोफिलचा दमा आहे का हे कोणी बघितलंच नव्हतं. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या ६१ आणि कॅनडातल्या हॅमिल्टनच्या अवघ्या २० रुग्णांत, ज्यांच्या कफात ३ टक्क्यांवर इओसिनोफिल होते, त्याच औषधाने अटॅक कमी केले. २०१५ मध्ये अमेरिकेत ते मंजूर झालं. मात्रा १०० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी, त्वचेखाली. उलट टीएनएफ हा दाहाचा दुसरा निरोप अडवणारं गोलिमुमॅब तीव्र दम्यात दिलं तेव्हा गंभीर संसर्ग आणि कर्करोग वाढल्याने ती चाचणी थांबवावी लागली. फुप्फुसातला प्रत्येक निरोप तोडण्याजोगा नसतो. टीएनएफ क्षयाच्या जंतूला गाठीत कोंडून ठेवतो, हे आपल्या देशात तर विसरून चालणारच नाही.

ड्युपिलुमॅब इंटरल्युकिन-४ आणि १३ यांचा सामाईक रिसेप्टर अडवतं, म्हणून त्याने उच्छ्वासातलं नायट्रिक ऑक्साइड पडतं. मेपोलिझुमॅबने ते फारसं हलत नाही, कारण तो हुकूम इंटरल्युकिन-५ चा नाहीच. आणि ड्युपिलुमॅब सुरू केल्यावर पहिले काही महिने रक्तातले इओसिनोफिल चढलेले दिसू शकतात. दमा सुधारत असताना आकडा वाढलेला पाहून इंजेक्शन बंद करायची घाई होते. पेशी जास्त तयार झालेल्या नसतात. अस्थिमज्जेकडचा हुकूम चालू आहे, पण फुप्फुसात उतरायचा हुकूम बंद झालाय, म्हणून त्या रक्तातच थांबून राहतात. आकडा १,५०० च्या पुढे गेला, किंवा त्याच्या जोडीला अंगावर पुरळ, हातापायाला बधिरपणा, नवा ताप आला, तर मात्र थांबून रक्तवाहिन्यांचा दाह आहे का ते तपासायचं.