सिंगर नावाचं स्टेशन

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनच्या खालच्या फलाटावरून बॅलॉखकडे जाणारी गाडी पकडली की अर्ध्या तासाच्या आत 'सिंगर' येतं. स्टेशनचं नावच सिंगर. गाडीतल्या घोषणेत ते ऐकलं तेव्हा मी पर्स, छत्री सगळं गोळा करून दाराशी जाऊन उभी राहिले. माझ्याबरोबर उतरले ते दोघं-तिघं शाळकरी मुलं आणि बाजाराची पिशवी घेतलेल्या एक बाई. त्यांना त्या नावाचं काही वाटत नसणार, रोजचं आहे. मी मात्र पाटीखाली बराच वेळ उभी होते.

स्कॉटलंडला आम्ही गेलो होतो ते घरच्यांच्या हौसेनं. एडिनबर्गचा किल्ला, डोंगरातले रस्ते, सरोवरं हे सगळं झालं, फोटोही झाले. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सिंगर स्टेशन ज्या गावात आहे त्या क्लाइडबँकबद्दल लिहायचं आहे, कारण गेली काही वर्षं मी जुनी शिवणमशीनं जमवते, मोटरवर चालणारी मशीनं हातावर किंवा पायावर आणते, आणि त्यातली बहुतेक मशीनं याच गावात जन्मली आहेत. मशीनच्या नंबरापुढे 'के' असेल, म्हणजे 15के, 66के, 99के, 201के, तर तो के म्हणजे किलबोवी. क्लाइडबँकमधल्या ज्या भागात सिंगर कंपनीचा शिवणमशीनांचा कारखाना उभा राहिला त्याचं नाव.

कारखान्याचं बांधकाम 1882 साली सुरू झालं. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इथून वर्षाला दहा लाखांहून जास्त मशीनं बाहेर पडत होती. मध्यभागी 200 फूट उंच मनोरा होता आणि त्याच्या चारही बाजूंना घड्याळं, एकेका तबकडीचा व्यास 26 फूट. सगळं गाव त्या घड्याळावर चालायचं. 1963 साली मनोरा पाडला, 1980 साली कारखाना बंद झाला. आता तिथे ऑफिसांच्या बुटक्या इमारती, गाड्या लावायच्या जागा आणि नीट कापलेली हिरवळ आहे. पावसाची भुरभुर होती. मी त्या आवारातून पूर्ण फेरी मारली आणि फार वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या कारखान्याची एक भिंतसुद्धा ओळखू येईल अशी मला दिसली नाही. स्टेशनला नाव तेवढं राहिलं.

गावातल्या टाउन हॉलमधलं संग्रहालय मात्र मन भरून पाहावं असं आहे. काळ्या अंगावर सोनेरी स्फिंक्स मिरवणारी मशीनं, लांब शटलची, गोल बॉबिनची, चामडं शिवणारी. पण माझे पाय थबकले ते 1911च्या संपाच्या गोष्टीपाशी. लाकडी टेबलांना पॉलिश करणाऱ्या बायकांची एक तुकडी होती. त्यातल्या तिघींना दुसरीकडे हलवलं आणि त्यांचं काम उरलेल्या बाराजणींवर टाकलं. त्या बाराजणींनी काम थांबवलं. बघता बघता सुमारे 11,000 माणसं बाहेर पडली. संप तीनेक आठवड्यांत मोडला आणि पुढे शेकडो जणांना कामावरून काढलं. मशीनं जमवणारे आम्ही लोक लोखंडाबद्दलच बोलतो. कुठला हुक, कुठली शटल, कुठलं साल. टेबलाच्या लाकडावरून हात फिरवताना ते कुणीतरी घासून घासून चमकवलेलं आहे हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. इथे आलं आणि मग ते डोक्यातून गेलंच नाही. 1941च्या मार्चमधल्या दोन रात्रींच्या बाँबहल्ल्यात या गावात 500हून जास्त माणसं मेली, आणि कारखान्याचं लाकडाचं कोठार पेटलं. तेही तिथेच वाचलं.

हे सांगायचं कारण म्हणजे त्याच संध्याकाळी ग्लासगोत आम्ही जेवायला गेलो. नाव सांगत नाही, तशा जागा आता जगभर आहेत. उघड्या विटांच्या भिंती, पिवळे दिवे, आणि प्रत्येक टेबलाखाली सिंगरचे लोखंडी पाय. वर लाकूड नाही, जाड काच. मी वाकून पाहिलं. पायपट्टी होती, पण ती हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी तारेनं आवळून टाकली होती. मोठं चाक होतं. पायपट्टी आणि चाक जोडणारा दांडा काढलेला. पट्टा अर्थातच नव्हता. कडेच्या जाळीत कंपनीचं नाव अगदी स्वच्छ वाचता येत होतं, त्यावर काळा तेलरंग फासलेला. असे पंधरावीस पाय त्या एका हॉलमध्ये असतील.

वाढणाऱ्या मुलाला विचारलं, वरची लाकडं कुठे गेली? त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. तो नम्रपणे म्हणाला की टेबलं तयारच आली. मला त्या मुलाचा राग नाही. पण जेवण गेलं नाही हे खरं. त्या बाराजणींसारख्या बायकांनी ज्या फळ्यांवर आयुष्यं घातली त्या फळ्या कुणीतरी काढून फेकल्या होत्या, आणि ज्याच्या जोरावर सबंध घरादाराचे कपडे शिवले जात ते पाय कुणाच्या तरी ताटाचं वजन पेलत उभे होते. घरचे म्हणाले, निदान भंगारात तरी गेले नाहीत. मला हे पटत नाही. भंगारवाल्याकडे पडलेले पाय निदान माझ्यासारख्या कुणाच्या तरी हाती लागतात आणि पुन्हा मशीनखाली जातात. तार आवळून काच ठेवली की ते कायमचे गेले. आणि पाय गेले की वरचं डोकं, म्हणजे खुद्द मशीन, अनाथ होतं. मग अशी डोकी कपड्यांच्या दुकानांच्या काचेमागे, सुया काढलेली, ओळीनं छतापर्यंत रचलेली दिसतात. चालू मशीनांची ही आरास मी दोन देशांत पाहिली आहे आणि दोन्हीकडे दुकानासमोर उभं राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला एअरशरमध्ये एकांकडे जायचं होतं. ओळखीच्या ओळखीतून पत्ता मिळाला होता. गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, जन्मभर जहाजाच्या गोदीत फिटर होते, आता घरामागच्या शेडमध्ये मशीनं दुरुस्त करतात. स्टेशनवर स्वतः घ्यायला आले. त्यांच्या बाईंनी स्वयंपाकघरातलं टेबल माझ्यासाठी आधीच रिकामं करून ठेवलं होतं, वर जुनी चादर अंथरलेली, कडेला रॉकेलची बाटली, ब्रश आणि चिंध्या. पाहुण्याला बसवून ठेवण्यापेक्षा कामाला लावणारं घर मला फार आवडतं. चहा आला तोही उभ्या उभ्याच घेतला.

टेबलावर 99के होतं. पन्नाशीच्या दशकातलं, पाऊण आकाराचं, मागे मोटर, खांबावर दिवा. वायरीवरचं रबर बोट लावलं की भुग्यासारखं सुटत होतं. अशी वायर लावून मशीन चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. लोक एवढं बघूनच असली मशीनं टाकून देतात. त्यांनी मोटर धरली, एकच मोठा स्क्रू सोडवला आणि मोटर हातात आली. मग मला म्हणाले, आता इथे बोट लावून बघा. खांबाच्या मागे एक सपाट उंचवटा आणि त्यात आटे पाडलेलं भोक. मोटर त्याच्यावर बसते, आणि हाताच्या दांड्याचं बूडही त्याच्यावरच बसतं, त्याच स्क्रूनं. कारखान्यानं एकच ओतीव अंग बनवलं आणि गिऱ्हाईक मागेल तसं त्याला दांडा दिला नाहीतर मोटर दिली.

हे मला अर्थातच ठाऊक होतं, कितीतरी वेळा केलेलं काम. पण ज्या गावात ते भोक पाडलं गेलं ते गाव आदल्याच दिवशी पाहून आल्यावर त्यात बोट घालताना फार वेगळं वाटलं. मूळ मशीन आम्ही बिघडवतो असा आरोप जमवणाऱ्यांतलेच काही जण आमच्यावर करतात. बिघडवतो कसलं? जागा कारखान्यानंच ठेवली आहे. एकही नवीन भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही, आणि काढलेली मोटर डब्यात जपून ठेवायची. उद्या कुणाला परत लावावीशी वाटली तर दहा मिनिटांचं काम. ज्या मशीनला हा उंचवटाच नाही, किंवा मोटर अंगातच बसवलेली आहे, जसं गिअरवर चालणारं 201, त्याच्या वाटेला जाऊ नये या मताची मी आहे, आणि तेही त्याच मताचे निघाले.

मग चाक. मोटरवाल्या मशीनचं चाक बहुधा भरीव असतं. दांड्याचं बोट चाकाच्या आऱ्यांमध्ये अडकून त्याला ढकलतं, म्हणून आरे असलेलं चाक लागतं, आणि नेमकं तेच आता मिळत नाही. मधल्या गोल खुंटीवरचा बारीक स्क्रू आधी सोडवायचा, मग खुंटी फिरवून काढायची. आत कान असलेली वॉशर निघते. तिचे आतले दोन वाकवलेले कान कुठल्या बाजूला आहेत ते बघूनच ती खाली ठेवायची. ती उलटी बसली तर बॉबिन भरताना खुंटी सैल करूनही सुई थांबत नाही, आणि मग मशीन नादुरुस्त समजून माणसं ते विकून टाकतात. चाकाच्या आसावर वाळलेलं तेल मधासारखं घट्ट झालं होतं. ते रॉकेलनं पुसलं, नवीन तेलाचे थेंब सोडले, आऱ्यांचं चाक चढवलं, दांडा लावला. सोनेरी नक्षीला मात्र स्पिरिट लावायचं नाही, वरचा शेलॅकचा थर विरघळतो आणि त्याच्याबरोबर सोनंही जातं. त्यांच्या बाईंनी ती नक्षी साध्या तेलाच्या फडक्यानं पुसली, पुन्हा पुन्हा, अजिबात न दाबता.

"फिरवा," ते म्हणाले. दांड्याच्या एका फेऱ्यात सुई तीनदा खाली-वर होते. उजवा हात दांड्यावर, कापड सांभाळायला एकटा डावा. मी जीनचे चार पदर दाबाखाली घातले. मोटरवर हीच जाड जागा आली की आपण घाबरून पाय उचलतो. हातावर एकेक टाका अक्षरशः मोजून घेता येतो, सुई कापडात शिरताना तिचा अडथळा मनगटाला कळतो. चारही पदर गेले. खालचा टाका वरच्यासारखाच. त्या दोघांनी कापड उलटं करून खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि एकमेकांकडे बघून मान हलवली. त्या वेळी मला जो आनंद झाला तो सगळ्या सहलीत दुसऱ्या कशानं झाला नाही.

त्यांची ही मशीनं शेवटी आफ्रिकेत जातात. ब्रिटनमध्ये 'टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स'सारख्या संस्था जुनी अवजारं आणि शिवणमशीनं नीट करून तिकडे पाठवतात. जिथे विजेचा भरवसा नाही तिथे हाताचं मशीन हे एखाद्याचं पोट असतं. मी त्यांना सांगितलं की गांधीजींनी 1924 साली यंत्रांबद्दल बोलताना सिंगरच्या शिवणमशीनला अपवाद म्हणून बाजूला काढलं होतं. त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. भिंतीवरच्या खडूच्या फळ्यावर त्यांनी ते साल लिहून ठेवलं.

शेडमध्ये पायाचं टेबलही होतं, 1910च्या आसपासचं, आणि त्यावर त्याच्याहून चाळीस वर्षांनी लहान असलेलं 15के. पूर्ण आकाराच्या अंगाला मागे दोन भोकं असतात, टेबलाच्या बिजागरीच्या दोन खुंट्या त्यांत जातात, खालून दोन स्क्रू आवळले की झालं. कंपनीनं कित्येक दशकं हे माप बदललं नाही, म्हणून 27, 66, 15, 201 यांतलं कुठलंही डोकं तिथे बसतं. 99 बसत नाही, ते लहान. टेबलाचं लाकूड कोपऱ्यावर थोडं उडालेलं होतं, पण वरचं पॉलिश जागच्या जागी. मी त्यावर तळहात ठेवून बराच वेळ बसले आणि मग पाय चालवले. सुरुवातीला चाकाला हातानं आपल्याकडे फिरवून द्यायचं. ते उलट फिरलं तर दोरा तुटतो. एकदा लय धरली की टाच आणि चवडा आपोआप आळीपाळीनं काम करतात. आदल्या रात्रीची काच आणि तार आठवली आणि संताप पुन्हा उफाळून आला. मी ती हकीकत सांगितली. ते म्हणाले, असे पाय विकायला आलेले दिसले की मी भाव न करता घेतो, नाहीतर हॉटेलवाले घेतात.

निघताना त्यांनी मला 66चं आऱ्यांचं चाक दिलं. पैसे घेईनात. शेवटी मी माझ्याकडच्या लांब शटलच्या बॉबिन पाठवायचं कबूल केलं, तेव्हा राजी झाले. विमानतळावर बॅग उघडायला लावली, चाक बाहेर काढून दोघांनी फिरवून पाहिलं आणि परत दिलं. घरी आल्यावर माझ्या 66केची मोटर काढली, चाक चढवलं, दांडा नवीन बनावटीचा लावला. त्याचे दाते जुन्याइतके नितळ नाहीत, कर्रकर्र करतात. जुना ओतीव दांडा शोधते आहे. बॉबिन पोस्टात टाकल्या आहेत.