पिवळा पडून परत आलेला कागद

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, कराडला कोर्टाच्या आवाराबाहेर अर्जनवीस होते. पत्र्याच्या शेडखाली टेबल, त्यावर मराठी टाइपरायटर, शेजारी स्टॅम्पव्हेंडर. एकाच बांधावरून भांडणाऱ्या दोन सख्ख्या भावांचे अर्ज त्यांनी एकाच दिवशी टाइप केलेले मी पाहिलेत. सकाळी थोरल्याचा, जेवणानंतर धाकट्याचा. दोन्ही 'सेवेशी'ने सुरू, दोन्ही 'हा विनंती अर्ज'ने संपणारे. आई चिडायची. दादा म्हणायचे, "मी कागद काळा करतो. निकाल आत लागतो."

लग्नानंतर मी अमेरिकेत आले, नागरिक झाले, पस्तिशीत पुन्हा कॉलेजातल्या पोरांसोबत उमेदवारी करून वॉशिंग्टनला एका सिनेटरच्या कार्यालयात लागले. काम काय, तर लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहायची. दादांना फोनवर सांगितलं तर खदखदून हसले. "म्हंजे अर्जनवीसच की गं तू बी!"

कोणत्या सिनेटरकडे होते ते सांगणार नाही. राज्यही नाही, पक्षही नाही. नोकरीची शिस्त म्हणून नाही. कारण पुढे कळेल.

आमच्याकडे आलेलं प्रत्येक पत्र, ईमेल, फोन यंत्रणेत नोंदला जायचा. नाव, पिनकोड, विषय आणि शेवटी एक रकाना: बाजूने की विरोधात. दर मोठ्या विषयावर दोन पत्रं तयार असायची. बाजूने लिहिणाऱ्याला 'अ', विरोधात लिहिणाऱ्याला 'ब'. पहिला परिच्छेद दोन्हींत सारखा, आपण वेळ काढून मत कळवलंत त्याबद्दल आभार. शेवटचाही सारखा. मधला तेवढा वेगळा. खाली सही यंत्राची. पाकिटावर तिकीट लागत नाही, कोपऱ्यात सिनेटरची छापील सही असते, तेच तिकीट.

येणारं टपाल मात्र सरळ टेबलावर येत नाही. २००१ साली सिनेटर डॅशल आणि लेही यांना अँथ्रॅक्सची भुकटी घातलेली पत्रं आली, तेव्हापासून संसदेच्या टपालावर बाहेरच किरणांचा मारा होतो. त्यात कागद पिवळा पडतो, कडक होतो. घडी उलगडायला जावं तर जुन्या पापडासारखा तडकतो. मुलांनी रंगवून पाठवलेली चित्रंसुद्धा आमच्याकडे आजीच्या ट्रंकेतून काढल्यासारखी यायची.

तर, २६ ऑक्टोबर २०२०, सोमवार. कोविडमुळे बहुतेकजण घरून काम करत होते, मी पाळीवर आलेली. त्या संध्याकाळी सिनेटमध्ये एमी कोनी बॅरेट यांच्या सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकीचं मतदान होतं. अध्यक्षीय निवडणूक आठ दिवसांवर.

हे प्रकरण दादांना समजावताना माझी दमछाक झाली होती. "तिकडं जज्जाला बी मतं पडत्यात व्हय?" त्यांचा प्रश्न. पडतात. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, शंभर सिनेटर मत देतात, आणि एकदा बसलेला न्यायाधीश मरेपर्यंत किंवा आपणहून उठेपर्यंत बसतो. म्हणून तर एका खुर्चीसाठी एवढा जीव टाकतात. पण पूर्वी मतं अशी फाटत नसत. १९८६ साली अँटोनिन स्कॅलिया ९८ विरुद्ध ० मतांनी गेले, १९९३ साली रूथ बेडर गिन्सबर्ग ९६ विरुद्ध ३ मतांनी. एक कट्टर उजवे, एक ठाम उदारमतवादी. आज ते आकडे वाचताना छपाईची चूक वाटते. सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सुचवलेल्या रॉबर्ट बोर्क यांना सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी परत पाठवलं होतं, ते अनेकांच्या मनातून कधी गेलंच नाही.

मला विचाराल तर खरी मोडतोड नियमांत झाली. चर्चा बंद करून मतदान घ्यायला साठ मतं लागायची, म्हणजे पलीकडच्या बाकांवरच्या काहींची मनधरणी करावीच लागे. २०१३ साली डेमोक्रॅट्सनी खालच्या न्यायालयांपुरती ती अट काढली, २०१७ साली रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयापुरतीही काढली. साध्या बहुमतात भागतंय म्हटल्यावर पलीकडच्याचं दार कोण वाजवणार? आमची पत्रंही त्यानंतर बदलली. पटवण्याचा सूर गेला, कळवण्याचा आला.

दुपारी टपालाची पेटी आली. त्यात एक जाड पाकीट. आत आमच्याच कार्यालयाचं पत्र होतं, आमचंच बोधचिन्ह, आमचीच यंत्राची सही. तारीख २०१६ च्या वसंतातली. चार वर्षांपूर्वी आमच्याकडून पांढरंशुभ्र गेलं असणार, आता हळदीच्या रंगाचं होऊन परत आलेलं. मधल्या परिच्छेदातल्या एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ. सोबत वहीच्या अर्ध्या पानावर दोन ओळी: हे मत अजून तुमचंच आहे का? आणि हे पत्र कृपया परत पाठवा, माझ्याकडे एवढीच प्रत आहे.

ते वाक्य मी लिहिलं होतं. नोकरीतलं माझं पहिलं मोठं पत्र. १३ फेब्रुवारी २०१६ ला स्कॅलिया वारले, ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गारलंड यांचं नाव दिलं, आणि मिच मॅकॉनेल यांच्या नेतृत्वाखालच्या रिपब्लिकन बहुमताने त्यांची सुनावणीच घेतली नाही. २९३ दिवस ते नाव तसंच पडून राहिलं, मग बाद झालं. तेव्हा पत्रांचा पूर आला होता आणि त्या मधल्या परिच्छेदासाठी मी तीन रात्री घासल्या होत्या.

आता पक्ष का सांगत नाही ते. २०१६ साली रिपब्लिकन कार्यालयांतून जाणाऱ्या पत्रांत असे, की निवडणुकीचं वर्ष आहे, आधी जनतेला बोलू द्या. डेमोक्रॅट कार्यालयांतून जाणाऱ्यांत असे, की खुर्ची रिकामी ठेवणं म्हणजे राज्यघटनेने दिलेलं काम टाळणं, सुनावणी घ्या, मत द्या. १८ सप्टेंबर २०२० च्या शुक्रवारी संध्याकाळी गिन्सबर्ग वारल्या. त्याच रात्री मॅकॉनेल यांनी ट्रम्प यांच्या उमेदवाराला मतदान मिळेल असं जाहीर केलं, आणि दोन्हीकडच्या लेखनिकांनी एकमेकांची कपाटं उघडली. रिपब्लिकन म्हणाले, घटनेने दिलेलं काम आहे, करायलाच हवं. डेमोक्रॅट म्हणाले, निवडणुकीचं मतदान सुरूही झालंय, जनतेला बोलू द्या. माझं वाक्य या दोहोंपैकी कोणतं, हे ओळखून तुम्हाला काही मिळणार नाही. दोन्हीकडे रेघ मारायला वाक्य होतंच.

दोन्ही पक्षांकडे याची कारणं होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. रिपब्लिकनांचं म्हणणं, २०१६ साली राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्याच्या हाती होती, आता दोन्ही एकाच पक्षाकडे आहेत. डेमोक्रॅट्सचं म्हणणं, हा नियम तुम्हीच घालून दिलात, आता तुम्हीच पाळा. पण पेन्सिलीची रेघ मारलेल्या माझ्या वाक्यात 'जर'ही नव्हतं आणि 'तर'ही नव्हतं. मला ते वाक्य खणखणीत हवं होतं.

वरिष्ठांना विचारलं. मुखपट्टीच्या वर त्यांचे फक्त डोळे दिसत होते, पत्रावरून एकदा फिरले. "'ब' पाठव," म्हणाले. मी म्हटलं, यांनी विरोध केलेलाच नाही. "मग 'अ' पाठव." वाईट माणूस नव्हता तो. त्या पाच आठवड्यांत इतकी पत्रं तुंबली होती, की त्याला कागद दिसायचे बंद झाले होते.

मी आधी नोंद करायला बसले. बाजूने की विरोधात? तो रकाना भरल्याशिवाय यंत्रणा पुढचं पान उघडत नाही. बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला. शेवटी पत्रावरच्या नंबरला फोन लावला. असं आम्ही क्वचितच करायचो.

पलीकडे म्हातारा आवाज. वीज कंपनीत मीटर रीडर होते, आता निवृत्त. सिनेटरच्या कार्यालयातून बोलतेय म्हटल्यावर आधी विश्वासच बसेना. मग मी विचारलं, बॅरेट यांच्या नेमणुकीबद्दल आपलं मत काय नोंदवू?

"बाईंबद्दल मी काही विचारलंच नाहीये," ते म्हणाले. "मागचं रीडिंग आणि आताचं रीडिंग जुळत नाही. एवढंच विचारलंय."

मी म्हटलं, आपलं म्हणणं सिनेटरपर्यंत पोचवीन. हे वाक्य मी दिवसाला चाळीस वेळा म्हणायचे. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "ते पत्र कुणी लिहिलं असेल हो? चांगलं लिहिलंय. म्हणून तर जपून ठेवलं." मी सांगितलं नाही. कार्यालयाच्या वतीने आहे, एवढंच म्हटलं. पत्र परत पाठवायचं कबूल करून फोन ठेवला.

संध्याकाळी आतल्या टीव्हीवर सभागृह. या मतदानात उत्कंठा कसलीच नव्हती. आदल्या दिवशी, रविवारी, चर्चा बंद करण्याचा ठराव ५१ विरुद्ध ४८ ने झाला होता, तेव्हाच सगळं ठरलं होतं. एक लिसा मर्कोव्स्कींची गोष्ट मला लक्षात ठेवावीशी वाटते. निवडणुकीच्या इतकं तोंडावर हे करू नये म्हणून रविवारी त्यांनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं. सोमवारी बॅरेट यांच्या बाजूने दिलं. पद्धतीवरचा राग त्या बाईंवर काढणार नाही, असा त्यांचा सूर होता. दोन दिवसांत दोन उलट मतं, आणि तरी मागचं-पुढचं रीडिंग जुळणारी. आमच्या यंत्रणेत त्यांनासुद्धा रकाना सापडला नसता.

नावं पुकारली गेली. सिनेटर कमला हॅरिस, तेव्हा उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार, प्रचारातून येऊन विरोधात मत देऊन गेल्या. आठच्या सुमारास आकडा आला: ५२ विरुद्ध ४८. रिपब्लिकनांतून एकट्या सुझन कॉलिन्स विरोधात, डेमोक्रॅट्समधून बाजूने एकही नाही. अल्पमतातल्या पक्षाचं एकही मत न मिळता न्यायाधीश होण्याची ही १८६९ नंतरची पहिलीच वेळ, असं निवेदक सांगत होता. थोड्या वेळाने व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर शपथविधी सुरू झाला. मी टीव्ही बंद केला.

त्या गृहस्थांना 'अ' पाठवलं नाही, 'ब'ही नाही. वहीच्या कागदावर हाताने चार ओळी लिहिल्या. आपलं पत्र परत करत आहे, रंग बदलला आहे त्याला टपालाची तपासणी कारण आहे. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि हो, ते वाक्य मी लिहिलं होतं. खाली माझी सही. कार्यालयाचं पाकीट वापरणं बरोबर दिसेना, सिनेटरच्या सहीवर हे जायला नको. पर्समधलं साधं पाकीट काढलं, स्वतःचं पंचावन्न सेंटांचं तिकीट लावलं.

तेवढ्यात दादांचा फोन. कराडला सकाळचे सात, त्यांची अंघोळ झालेली. "पडली का मतं?" आकडा सांगितला. मग त्या गृहस्थांचं, मीटरचं, पिवळ्या कागदाचं सगळं सांगितलं. माझा आवाज जरा चिरकला असावा. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे नळाचं पाणी वाजत होतं.

"कागद परत करणारेस?"

"हो. पाकीट बंदसुद्धा केलं."

"झेरॉक्स काढलीस का?"

डिंक अजून ओला होता. मी पाकीट उघडलं.