विहिरीतला गळ आणि मनोरीची खाडी

मालाडहून मार्वेपर्यंत रिक्षा, पुढे मनोरीची फेरीबोट. रिक्षावाल्याने आमच्या हवेच्या होडीच्या बोचक्याचे वेगळे पैसे लावले, ते मी अजून विसरलेलो नाही. मनोरीला उतरून पंप मारण्यात मेहुण्याचा घाम निघाला. मी देखरेख केली.

सकाळभर खाडी इतकी शांत, की नांगराची आठवणही झाली नाही. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत पाठ केले होते, पाच मार्कांना. फेब्रुवारीत दुपार चढली की समुद्रावरून वारा सुटतो, हे पेपरात लिहिलंही असेल. साडेअकराला तो प्रत्यक्ष आला.

ओहोटी लागलेली, म्हणजे पाणी बाहेर समुद्राकडे धावतंय आणि वारा समुद्राकडून आत. दोघांची झुंज जुंपली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. कोळ्यांची लाकडी होडी पाण्यात बसलेली असते, ती पाण्याचं ऐकते. आमची नुसती वर तरंगणारी, ती वाऱ्याचीच बाजू घेणार. "दाजी, टाका तो नांगर!" मेहुणा ओरडला.

टाकला. दीड किलोचा, चार आकड्यांचा, छत्रीसारखा मिटणारा. मी मागे बसलो होतो म्हणून मागच्याच कडीला बांधला. सगळ्या मूर्खपणाला एवढंच कारण. वर दोर जितका आखूड तितकी पकड घट्ट, अशी माझी समजूत. झालं असं, की दोराने मागची बाजू खाली ओढून धरली आणि लाटा थेट माझ्या मांडीवर. भाकऱ्यांचा डबा तरंगायला लागला. आणि एवढं होऊनही नांगर चिखलातून घसरतच होता. काठावरची तिवरं हळूहळू मागे चालली होती. लाइफ जॅकेट मी तेव्हा चढवलं. त्याआधी उशाला घेतलं होतं.

जवळून एक म्हातारे नाखवा चालले होते. त्यांनी इंजिन बंद केलं.

"पोरा, मागं कशाला बांधलास? बुडशील! नाळंला बांध."

"नाळ कुठली?" मी विचारलं. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, पण आमच्या होडीला दोन्ही टोकं सारखीच गोल. ते हसले, आणि सावकाश हसले. चाळिशीत कोणी 'पोरा' म्हणून हसलं की राग येतो, पण मांडीवर पाणी असताना तो दाखवता येत नाही.

दोर पुढच्या कडीला नेला. होडी गर्रकन फिरली, तोंड वाऱ्याकडे झालं, पाणी येणं थांबलं. "आता सोड. आजून सोड." पाणी दोन वाव तर दोर दहा-बारा वाव हवा, हा त्यांचा हिशेब. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. दोर लांब असला की ओढ आडवी लागते आणि आकडा रुततो. आखूड दोर त्याला वर उपटतो. माझा दोर सगळा मिळून दहा मीटर. भरतीला नांगर टाकला तर आणखी सैल ठेवायचा, कारण मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरांहूनही जास्त चढतं आणि पुरेसा वाटलेला दोर बघता बघता आखूड होतो.

नाखव्यांनी आपला जाड दोर माझ्या दोराला जोडला. नांगराशी हातभर लांब गंजकी साखळी बांधली, म्हणजे दांडा खाली पडून राहील. मग माझा नांगर हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यानं विहिरीतली बादली काढायची," म्हणाले.

खरंच, आजोळच्या विहिरीवरचा गळ अगदी तसाच होता.

त्यानंतर दोन तास आम्ही हललो नाही. दोन शिंगाळे मासे मिळाले, एकाचा काटा मेहुण्याला लागला. दोर-साखळी परत द्यायला गेलो तर त्यांनी साखळी तेवढी घेतली. दोराचे पैसे विचारले, तेव्हा त्यांनी आमचे शिंगाळे पाहिले आणि पुन्हा तसंच सावकाश हसले.