डिलक्स रिव्हर्बच्या पॉवर ट्यूबा: आधी बायस, मग कान

गिटारचा ॲम्प: फेंडर '६५ डिलक्स रिव्हर्ब रीइश्यू. २२ वॅट, ८ ओहमचा १२ इंची एक स्पीकर, पॉवरला ६व्ही६ ट्यूबची जोडी, फेज इन्व्हर्टरला (सिग्नल दोन उलट भागांत वाटून त्या जोडीला देणारा टप्पा) १२एटी७, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी ट्यूब) जीझेड३४.

तक्रार दोन ओळींची. स्वर विरत जाताना शेपटाला वाळू चावल्यासारखी किरकिर, आणि जाड ई तारेवर आवाज पोकळ. सर्वसाधारण सल्ला असतो, ‘ट्यूबा बदल.’ बदलल्याच, पण मीटर लावून. प्रत्येक आकड्यासोबत मेन्सचा, म्हणजे भिंतीतल्या विजेचा, आकडाही लिहिला, कारण आपल्याकडे संध्याकाळी २१५ आणि मध्यरात्री २४५ व्होल्ट हा प्रकार नवा नाही. मेन्स हलला की ट्यूबच्या प्लेटवरचं (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्यावरचं) व्होल्टेज हलतं, बायसही (ग्रिडवरचा उणे व्होल्टेज, जो ट्यूबचा निवांत करंट ठरवतो) हलतो. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प स्टेपडाऊनवर चालवणाऱ्यांनी तर हे जास्तच बघावं: २४० ला १२० देणारा ट्रान्सफॉर्मर २४५ ला १२२.५ देणार. खालची सगळी मापं २३० ते २३२ मध्ये घेतली आहेत.

चॅसिस बाहेर काढण्याआधी कपॅसिटर रिकामे करायचे. स्टँडबायची कळ ‘प्ले’वर ठेवून ॲम्प बंद केला की तापलेल्या ट्यूबा बराचसा चार्ज ओढून घेतात. बराचसा, सगळा नाही. १० किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप, एक चॅसिसला आणि दुसरी फिल्टर कपॅसिटरच्या प्लसला, दहा सेकंद. मग मीटरने बघायचं. ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालू करायचा नाही, मोजायलासुद्धा नाही; भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर उसळणारा व्होल्टेज इन्शुलेशन फोडू शकतो.

ट्यूबा काढल्यावर आधी सॉकेट बघितले. इथे खरी गंमत होती. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत दोन पावसाळे काढलेल्या सॉकेटच्या आतल्या पत्र्या काळवंडतात आणि सैल पडतात. एका सॉकेटमध्ये ५ नंबरची पत्री इतकी सैल की ट्यूबची पिन नुसती टेकत होती. ५ नंबर म्हणजे कंट्रोल ग्रिड, ट्यूबमधला करंट आवरणारी जाळी. तिथला संपर्क सुटला की ग्रिडवरचा उणे व्होल्टेज जातो, ट्यूब बेफाम करंट ओढते आणि प्लेट लाल होते. अशा वेळी लोक नव्या ट्यूबला शिव्या देतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी छोटा फवारा, ट्यूब चार-पाच वेळा घालून-काढून घासणं, मग बारीक दाभणाने पत्री आतल्या बाजूला दाबणं, एवढ्यावर काम झालं.

ओहम मोजतानाच आणखी दोन मापं घ्यावीत. फेंडरने रिकाम्या १ आणि ६ नंबरच्या पिना रेझिस्टरचं टोक टेकवायला वापरल्या आहेत: १ ते ५ मध्ये १.५ किलोओहम, ४ ते ६ मध्ये ४७० ओहम. जुनी ट्यूब शॉर्ट होऊन गेली असेल तर हा ४७० वाला स्क्रीन (ट्यूबमधली दुसरी जाळी) रेझिस्टर बहुधा तिच्याबरोबर गेलेला असतो. दोन्ही बाजूंना ४७४ आणि ४७१ मिळाले, ठीक. याच १ नंबरमुळे इथे ईएल३४ नुसती खोचून चालत नाही, कारण तिच्या १ नंबरला सप्रेसर ग्रिड असतो. ६एल६ पिनांना जुळते, पण हीटरला प्रत्येकी ०.९ अँपिअर मागते, ६व्ही६ ०.४५ वर भागवते. त्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला हा जादा भार कशाला?

मोजण्यासाठी ८ नंबर (कॅथोड, जिथून इलेक्ट्रॉन निघतात) आणि चॅसिसच्या मध्ये १ ओहम, १ वॅट, १ टक्का मेटल फिल्म रेझिस्टर, प्रत्येक ट्यूबला एक. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. विकत घेताना दहा घ्या आणि मीटरची स्वतःची वायर-चूक वजा करून त्यातले १.०० च्या जवळचे दोन निवडा. मग १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर, हिशेब संपला. फक्त त्यात स्क्रीनचा करंटही धरला जातो. तो वेगळा काढायला दुसरी पद्धत: ॲम्प बंद असताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या लाल वायरपासून निळ्या आणि तपकिरी वायरपर्यंतचा रेझिस्टन्स. इथे १२० आणि १३४ ओहम आला. बाहेरच्या वेढ्यांना तार जास्त लागते म्हणून फरक, घाबरायचं नाही. ॲम्प चालू असताना त्या अर्ध्या भागावर पडणारा व्होल्टेज भागिले हा रेझिस्टन्स म्हणजे निव्वळ प्लेट करंट.

जुनी जोडी, बायसच्या प्रीसेटला (बायस कमी-जास्त करणाऱ्या आतल्या स्क्रूला) हात न लावता, व्हॉल्यूम शून्य, पंधरा मिनिटं तापल्यावर: ११.५ आणि १७.० मिलिअँपिअर, प्लेट ४२४ व्होल्ट. पहिली ट्यूब, स्क्रीनचा वाटा वगळता, जेमतेम साडेचार वॅटवर बसलेली. किरकिर तिथलीच. एक ट्यूब सोडते आणि दुसरी पकडते त्या सांध्यावर दोघीही जवळपास बंद असल्या की लाटेला खाच पडते, आणि ती हळू आवाजात, म्हणजे स्वर विरताना, ऐकू येते.

मग जुन्याच जोडीला बायसचा प्रीसेट फिरवला. १७.५ आणि २३.० वर आणल्यावर किरकिर गेली. एक रुपयाची ट्यूब न घेता. पोकळपणा मात्र थोडा राहिला, आणि दोघींतली साडेपाचची तफावत गुणगुणीत ऐकू येत होती. पुश-पुलमध्ये (दोन ट्यूबा आळीपाळीने काम करतात त्या रचनेत) दोन बाजू सारख्या असतील तरच हम एकमेकींना खोडतो.

प्रीसेट पुन्हा मूळ जागी, आणि जेजे कंपनीच्या ६व्ही६एसची मॅच्ड (सारखा करंट ओढणारी) जोडी: २७.५ आणि २८.०, प्लेट ४०४. आवाज लगेच मोठा, गुबगुबीत. इथेच बहुतेक जण खूश होऊन मागचा पत्रा लावतात. स्क्रीनचा वाटा वगळून हिशेब केला तर प्लेटवर साधारण साडेदहा वॅट. जेजे १४ वॅटची आहे म्हणून ७५ टक्के, चालून गेलं असतं. १२ वॅटची साधी ६व्ही६जीटी असती तर ८८ टक्के, आणि अंधारात प्लेटच्या शिवणीवर फिकट लाल रेघ दिसायला लागली असती.

बायसचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, तरी एकदा: १२ वॅटचे ७० टक्के ८.४, भागिले ४१५ व्होल्ट, म्हणजे सुमारे २०.२ मिलिअँपिअर प्लेट करंट. प्रीसेट आधी जास्तीत जास्त उण्याकडे, मग हळूहळू वर. करंट वाढला की प्लेट व्होल्टेज खाली येतं, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या होतातच. शेवटी थांबलो तिथले आकडे: कॅथोड २२.०, निळ्या बाजूला २.५० व्होल्ट म्हणजे २०.८ प्लेट करंट, प्लेट ४१३ व्होल्ट, ८.६ वॅट. ग्रिडवर उणे ३६. फेंडरच्या जुन्या एबी७६३ सर्किटच्या नकाशात उणे ३५ छापलंय, म्हणजे घराण्यातच आहे.

मग टंग-सोल ६व्ही६जीटीची नवी जोडी, तीही २२ वरच. आता तुलनेला अर्थ आला. जेजे उशिरा फाटते, मधला भाग भरदार, वरची धार थोडी बोथट. टंग-सोल व्हॉल्यूम साडेचारलाच तुटायला लागते, टेलिकास्टरच्या ब्रिज पिकअपवर चमक जरा जास्तच. फरक आहे, पण प्रीसेटने पडलेल्या फरकाच्या निम्माही नाही. जेजे ठेवली.

ट्यूब घालताना बेसची मधली प्लास्टिकची खुंटी तुटलेली नाही ना, बघा. तुटली असेल तर ट्यूब वळवून चुकीच्या भोकांत बसते आणि हीटरच्या जागी ४०० व्होल्ट जाऊ शकतात. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेला निळा प्रकाश निरुपद्रवी. प्लेटच्या आत धुरासारखा जांभळा प्रकाश दिसला तर गॅस. टोकाचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, ट्यूब कचऱ्यात.

वीस तास वाजवल्यावर पुन्हा मोजलं, कारण नव्याचे नऊ दिवस ट्यूबलाही असतात: २१.२ आणि २१.९, मेन्स २३१. प्रीसेटला हात लावला नाही. पुढची नोंद १२एटी७ची. जीझेड३४च्या जागी ५यू४जीबी लावू का, असं विचारणाऱ्यांसाठी एवढंच, की तिचा हीटर १.९ ऐवजी ३ अँपिअर मागतो आणि प्लेट व्होल्टेज पडल्यावर वरचं सगळं मोजमाप पुन्हा करावं लागतं.