आडव्या बेहड्याची मोजणी

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० च्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, मुरूड, खाली दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, कौलं-पत्रे उडाले, काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका देवराईतला बेहडा पडला, ही बातमी कुणाच्या खिजगणतीत असणार? आमच्या होती, कारण मोठ्या झाडांच्या आमच्या नोंदवहीत बेहड्याच्या पानावर पहिली नोंद त्याची होती. करोनाच्या पासाची भानगड मिटली, रस्त्यावरचे खांब आणि फांद्या बाजूला झाल्या, तसे आम्ही तिघं निघालो. घाई होती ती कटरवाल्यांच्या आधी पोचायची.

पडलेलं मोठं झाड फार थोडा वेळ पुरं असतं. आधी वाटेवर आलेल्या फांद्या जातात, मग सरपण, मग खोडाचे ओंडके. देवराईत हे जरा सावकाश होतं. लाकूड देवीचं, तेव्हा गावकी बसणार, गुरव कौल लावणार, कौल मिळाला तर लाकूड देवळाच्या कामाला नाहीतर लिलावाला. त्या दिवशी कौल व्हायचा होता, म्हणून झाड अख्खं मिळालं. गुरवतात्या पाहताक्षणी म्हणाले, "साहेब, मापं काय ती आजच घ्या. उद्याचं काय सांगता येत नाय."

उन्मळलेल्या झाडाला हात लावण्याआधी लांबून एक फेरी मारायची असते. मुळांचा उचकटलेला गड्डा, इथे तो जवळजवळ साडेचार मीटर उंच उभा होता, खोडाच्या वजनाने तोललेला असतो. शेंड्याकडून ओंडके कापत आणले की ते वजन सुटतं, गड्डा धाडकन खड्ड्यात परत बसतो आणि उरलेला बुंधा उभा राहतो. खड्ड्यात कुणी वाकून मुळं बघत असेल तर तो संपला. म्हणून मुळांची मापं आणि फोटो करवत लागायच्या आधी, तेही कडेला उभं राहून. दबून वाकलेल्या फांद्याही तशाच. कोयत्याच्या एका घावात तोंडावर येतात. मोजणीच्या वाटेतल्या असल्या तरी आम्ही त्या तोडत नाही, वळसा घालतो.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाच्या जमिनीपासून. उभ्या झाडाला हे सोपं. आडव्या झाडाची जमीन आधी शोधावी लागते. सालीवरचा लाल मातीचा डाग कुठे संपतो आणि शेवाळ-दगडफूल कुठून सुरू होतं ती रेघ साधारण खरी असते, पण पावसाने उडालेल्या चिखलामुळे ती वीतभर फसवते. इथे जुना फोटो कामाला आला. एका आधारमुळावर, म्हणजे बुंध्याला फळीसारख्या फुटलेल्या मुळावर, कुऱ्हाडीचा भरून आलेला घाव होता, ओठासारख्या कडा असलेला, आणि फोटोत त्याच्या शेजारी मीटरची पट्टी टेकवलेली होती. तोच घाव चिखल पुसल्यावर सापडला. तिथून उलटं मोजून खडूने जमिनीची रेघ मारली, मग वर १.३७ ची.

खोड मातीत रुतलेलं असल्याने टेप खालून जात नाही. पहारेने खोडाखाली बोगदा पाडायचा, घमेल्याने माती काढायची, बांबूच्या कामटीला सुतळी बांधून ती पलीकडे ढकलायची आणि सुतळीला टेप बांधून ओढून घ्यायचा. टेप पोलादी किंवा फायबरचा हवा. कापडी टेप ओला झाला की ताणतो. तो खोडाला काटकोनात बसला पाहिजे. तिरका गेला की घेर वाढतो, कमी कधीच होत नाही, आणि विक्रमांच्या याद्यांमधले बरेच घेर अशाच तिरक्या टेपने वाढलेले असतात असं माझं मत आहे.

बेहड्याची खरी पंचाईत पुढे आहे. मोठ्या बेहड्याच्या बुंध्याला आधारमुळं फुटतात आणि ती छातीच्या उंचीच्या वरपर्यंत चढलेली असतात. १.३७ मीटरवर टेप ताणला तर तो एका आधारमुळाच्या कडेवरून दुसऱ्याच्या कडेवर जातो. मधे लाकूड नसून हवा असते. आमचं तिथलं माप आलं ८.१० मीटर. आधारमुळं संपतात तिथे, म्हणजे ३.२० मीटर उंचीवर, घेर भरला ५.४६ मीटर. एकाच झाडाची दोन मापं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. टेप कोणत्या उंचीवर धरला होता हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याची दुसऱ्या कुठल्याही आकड्याशी तुलना होत नाही.

याने किती फरक पडतो ते अमेरिकन पद्धतीने मोजलं की कळतं. अमेरिकन फॉरेस्ट्स ही संस्था १९४० पासून प्रत्येक जातीच्या सर्वात मोठ्या झाडाची नोंदवही ठेवते. तिचं गणित असं: घेर इंचांत, अधिक उंची फुटांत, अधिक पर्णसंभाराच्या सरासरी विस्ताराचा चौथा हिस्सा फुटांत. आमच्या बेहड्याला पहिल्या घेराने ४५१ गुण पडतात, दुसऱ्याने ३४७. शंभराहून जास्त गुण निव्वळ टेपच्या जागेचे. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातला 'वाय ओक' हा प्रसिद्ध पांढरा ओक ६ जून २००२ च्या वादळात पडला तेव्हा त्याचा ३१ फूट १० इंच घेर आणि ९६ फूट उंची कागदावर होती, म्हणून त्याच्यानंतरचा पांढरा ओक त्याच्याशी ताडून बघता येतो. आपल्याकडे केंद्र सरकारच्या महावृक्ष पुरस्काराने केरळातल्या परंबिकुलमच्या कन्निमारा सागासारखी झाडं कागदावर आली. सागाचं लाकूड महाग, त्यामुळे सागाला मोजणारे मिळतात. बेहड्याला कोण विचारतं? कोकणात बऱ्याच जणांना तो भुताचं झाड म्हणूनच माहीत.

विस्तार मात्र आडव्या झाडाचा घेता येत नाही, फांद्या चिरडलेल्या असतात. तो उभा असतानाच्या नोंदीतला, २४ मीटर, तसाच ठेवावा लागला. उंचीचं उलट आहे. झाड पडल्यावरच उंची पहिल्यांदा खरी कळते.

जुन्या सर्वेक्षणात या झाडाची उंची ४१ मीटर लिहिली होती. आम्ही आडवं मोजलं ते असं: जमिनीच्या रेघेपासून पहिल्या मोठ्या फाट्यापर्यंत खोड १६.८ मीटर. तिथून सर्वात लांब फांदी १५.५ मीटर, पण ती खोडाच्या रेषेपासून सुमारे ३० अंशांत कललेली, म्हणजे उंचीत तिचे १३.४ मीटरच धरायचे. शेंड्याचा तुटून लांब पडलेला ४ मीटरचा तुकडा, तुटीचे दात जुळवून खात्री केलेला, जवळजवळ उभा वाढलेला. बेरीज ३४.२ मीटर. तुटलेले तुकडे न जुळवता नुसती सलग लांबी घेतली तर आकडा भलताच येतो, आणि फांदीचा कल न धरता बेरीज केली तर दोन मीटर फुकटचे वाढतात.

४१ कुठून आले? क्लिनोमीटरने कोन घेऊन त्याच्या टॅन्जंटला खोडापर्यंतच्या अंतराने गुणण्याची जी शाळकरी पद्धत आहे तिथून. तिच्यात गृहीत असतं की शेंडा बरोबर बुंध्याच्या डोक्यावर आहे. पसरट झाडाचा शेंडा म्हणून आपण जे बघतो ते बहुतेक वेळा आपल्याकडे आलेल्या फांदीचं टोक असतं. समजा ३० मीटरवर उभे आहोत आणि डोळ्यांच्या पातळीपासून ३० मीटर उंच असलेलं टोक आपल्याकडे ६ मीटर सरकलेलं आहे. कोन २४ मीटरच्या अंतराचा मिळतो, आपण गुणतो ३० ने. उत्तर येतं ३७.५. साडेसात मीटर हवेतले. लेझर रेंजफाइंडरने थेट टोकापर्यंतचं तिरपं अंतर घेऊन त्याला कोनाच्या साइनने गुणलं तर ही चूक होत नाही. पानांच्या गर्दीत लेझर मधल्याच फांदीला लागतो हा त्याचा दोष, पण त्याने उंची कमी भरते. माझ्या लेखी कमी भरलेली उंची चालेल.

मापं सुरू असताना गावातले लोक जमले होते आणि झाड का पडलं यावर एकमत होतं: आतून पोकळ होतं. पोकळ होतंच. ककणेर (धनेश) पक्ष्याची ढोली खोडात ११ मीटरवर होती, मातीने लिंपून आवळलेलं तोंड अजून शाबूत. पण खालच्या ढोलीच्या तोंडाशी भिंत २९ सेंटिमीटर जाड निघाली आणि तिथे खोडाची त्रिज्या ८७ च्या आसपास. भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असेल तर खोड सहसा मोडत नाही असा वृक्षतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. आणि हे खोड मोडलेलं नव्हतंच. मुळासकट उलटलं होतं.

उत्तर गड्ड्यात होतं. झाड ईशान्येला पडलेलं, वारा नैर्ऋत्येकडून आलेला. वाऱ्याच्या अंगाची मुळं ताण घेतात, झाडाला मागे धरून ठेवतात ती तीच. त्या अंगाला गड्डा सरळ रेषेत संपत होता. मनगटापासून मांडीएवढ्या जाडीची मुळं एका ओळीत छाटलेली, छाटाची टोकं काळी पडून आत भुसभुशीत झालेली. ही वादळाची तूट नव्हे. वादळात तुटलेलं मूळ पिवळट, तंतुमय आणि ओबडधोबड असतं. काही वर्षांपूर्वी देवळाच्या जीर्णोद्धारात आरसीसी भिंतीसाठी जेसीबीने चर खणला होता, खोडापासून अडीच मीटरवर. वृक्षतज्ज्ञ खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत खणू नये म्हणतात. पावणेदोन मीटर व्यासाला ते एकवीस मीटर होतात. खाली जांभा, वर हातभर माती, त्यामुळे मुळं आडवीच पसरलेली. त्यात जूनमध्ये बेहडा नव्या पानांनी गच्च भरलेला. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत हेच वादळ आलं असतं तर वाऱ्याला धरायला फार कमी मिळालं असतं.

वय किती, हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. पाटीवर आठशे वर्षं लिहायची असतात ना! बेहड्याची वर्तुळं सागासारखी स्पष्ट नसतात आणि गाभाच कुजलेला असल्यावर मोजणार काय? ढोलीच्या भिंतीचे नमुने घेऊन कार्बन तपासणी करता येते. आफ्रिकेतल्या गोरखचिंचांची वयं तशीच काढली. तो खर्च आमच्या आवाक्यातला नाही. नोंदीत वयाचा रकाना आम्ही रिकामा ठेवतो.

मापांनंतर नमुने. पानांचे झुबके असलेली टोकाची डहाळी, शक्यतो कोवळ्या फळांसकट, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून. खाली पडलेल्या गेल्या हंगामाच्या बिया वेचून. त्यांतल्या किड्यांनी भोक पाडलेल्या टाकून द्यायच्या. कठीण कवचामुळे बेहडा सावकाश रुजतो, म्हणून बी दिवसभर पाण्यात भिजवून पेरलं. ही रोपं त्या झाडाची लेकरं असली तरी बाप कोण ते सांगता येत नाही, तेव्हा 'विक्रमी झाडाची रोपं' म्हणून वाटण्यात अर्थ नाही. मोजलेल्या जागांचे फोटो, खडूची रेघ दिसेल असे, आणि अक्षांश-रेखांश जीपीएसच्या अचूकतेसकट लिहिले की नोंद पुरी होते. नोंद खोडत नाहीत. 'उन्मळून मृत' असा शेरा, तारीख आणि कारण लिहून ती तशीच राहते.

पान उलटल्यावर दुसऱ्या क्रमांकाचा बेहडा पहिला झाला. तोही त्याच पट्ट्यातल्या एका देवराईत, आधारमुळांच्या वर ५.२१ मीटर घेराचा. त्याच्या देवळाचाही जीर्णोद्धार ठरलेला. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्ष ठरवणारी २०२१ ची कायद्यातली दुरुस्ती शहरी भागापुरती आहे, तिचा इथे उपयोग नाही. गावकीशी बोलूनच काय ते होणार. सलग चराऐवजी सुटे खांब, खांबांचे खड्डे जेसीबीने नाही तर हाताने, मनगटाएवढं मूळ लागलं तर खड्डा हातभर सरकवायचा, आणि बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक नाहीत, एवढं मागितलं. अंतर वीस मीटर मागितलं होतं. आठ मान्य झालं.